जड लेन्स हातात किती वेळ, ट्रायपॉडवर केव्हा?

प्रश्न थोडक्यात असा: पक्षी आणि वन्यप्राणी टिपायला ६०० मिमीपर्यंत जाणारी, म्हणजे दूरचा विषय खूप जवळ आणणारी झूम लेन्स घेतली, कॅमेरा बॉडीसकट वजन साडेतीन किलोच्या आसपास भरतं. हातात धरून काढलेले सुरुवातीचे फोटो छान शार्प येतात, पण तासाभरात सगळं सॉफ्ट व्हायला लागतं. ट्रायपॉड लावला की उडता पक्षी फ्रेममधून निसटतो. कोणी म्हणतं की आजच्या स्टॅबिलायझेशनपुढे (हाताची थरथर भरून काढणाऱ्या यंत्रणेपुढे) ट्रायपॉडची गरजच उरलेली नाही, कोणी म्हणतं की ट्रायपॉडशिवाय लांब लेन्स म्हणजे पैसे पाण्यात. खरं काय?

दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण ते ट्रायपॉडच्या दोन वेगळ्या कामांबद्दल बोलताहेत. ट्रायपॉड कॅमेरा हलू देत नाही, हे एक काम. तो वजन पेलतो, हे दुसरं. पहिल्या कामाचा बराच भाग स्टॅबिलायझेशनने आणि चांगल्या हाय आयएसओने (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता वाढवण्याच्या सोयीने) स्वतःकडे घेतला आहे. दुसरं काम मात्र कॅमेऱ्यातल्या कुठल्याच यंत्रणेला करता येत नाही. म्हणून मी निर्णय घेताना दोनच गोष्टी बघतो: समोरच्या विषयाला किती शटर स्पीड (शटर किती कमी वेळ उघडं राहतं ते) लागणार, आणि लेन्स डोळ्याला लावून किती वेळ थांबावं लागणार. शटर वेगवान आणि थांबणं थोडं असेल तर लेन्स हातात. शटर संथ असेल तर ट्रायपॉड, त्यात चर्चेला जागा नाही. आणि शटर वेगवान पण थांबणं लांबलचक, ही जी तिसरी परिस्थिती आहे, तिथेच तुमचे फोटो बिघडताहेत. तिथे तुम्हाला आधार हवा आहे तो वजनासाठी.

हात किती हलला की फोटो बिघडतो, याचा एकदा हिशेब करून बघा. ४५ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम (जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या) सेन्सरवर एक पिक्सेल साधारण ४.४ मायक्रॉनचा असतो. फोकल लेंग्थ (लेन्सचा मिमीतला आकडा) ६०० मिमी आणि लेन्सची लांबी ४० सेंटिमीटर धरली, तर लेन्सचं पुढचं टोक जेमतेम ३ मायक्रॉन वर-खाली झालं की सेन्सरवरचं चित्र एका पिक्सेलने सरकतं. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे केसाच्या विसाव्या हिश्श्याइतकी हालचालसुद्धा फोटोत उतरायला पुरते. नुसत्या श्वासाने लेन्स याच्या कितीतरी पट जास्त हलते. त्यामुळे ‘माझा हात स्थिर आहे’ या म्हणण्याला ६०० मिमीवर फारसा अर्थ राहत नाही. इतका स्थिर हात कोणाचाच नसतो. फोटो शार्प येतो, कारण शटर उघडं असताना हलायला पुरेसा वेळच मिळालेला नसतो, किंवा लेन्समधली भिंगं ती हालचाल उलट दिशेने सरकून भरून काढतात.

फिल्मच्या काळापासून चालत आलेला ठोकताळा सगळ्यांना माहीत आहे: शटर स्पीड फोकल लेंग्थच्या उलट, म्हणजे ६०० मिमीला किमान १/६०० सेकंद. सेन्सर एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान, असेल तर १.५ ने गुणायचं आणि १/९०० धरायचं. हा नियम बेताच्या आकाराच्या प्रिंटसाठी पुरेसा होता. आज आपण स्क्रीनवर १०० टक्के मोठं करून पिसं मोजतो, वरून क्रॉपही करतो. त्यामुळे जास्त मेगापिक्सेलच्या बॉडीवर, स्टॅबिलायझेशन बंद असताना, याच्या दुप्पट वेग धरावा असं माझं मत आहे.

आता स्टॅबिलायझेशन. एसएलआरच्या बदलत्या लेन्समध्ये ते पहिल्यांदा १९९५ साली कॅननच्या ७५-३०० मिमी झूममध्ये आलं, तेव्हा साधारण दोन स्टॉपचा फायदा मिळायचा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश किंवा शटरचा वेळ दुप्पट). आजच्या लांब लेन्सवर पाच-साडेपाच स्टॉपचे आकडे छापलेले असतात. पाच स्टॉप म्हणजे हिशेबाने ६०० मिमीवर १/२० सेकंद. हे आकडे ठरावीक चाचणीतले असतात आणि चाचणी घेणारं यंत्र दमत नाही, त्याला वारा लागत नाही. मी छापील आकड्यातून दोन स्टॉप वजा करतो आणि उरलेल्यावर भरवसा ठेवतो. तरीही ६०० मिमीवर १/८० म्हणजे मोठी गोष्ट आहे. शांत बसलेलं घुबड किंवा पहुडलेलं जनावर तेवढ्यात आरामात निघतं.

बॉडीतल्या स्टॅबिलायझेशनवर, म्हणजे सेन्सर हलवणाऱ्या आयबिसवर, लांब लेन्ससाठी फार विसंबू नका. कॅमेरा अर्धा अंश हलला तर ५० मिमी लेन्सवर चित्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी सरकतं, पण ६०० मिमीवर ते ५ मिमीहून जास्त सरकतं. सेन्सरला तेवढं धावायला जागाच नसते. लांब लेन्समध्ये काम लेन्सच्या आतली भिंगंच करतात, सेन्सर त्यांना थोडी साथ देतो. म्हणून स्टॅबिलायझेशन नसलेली जुनी लांब लेन्स आयबिसवाल्या बॉडीला लावून सगळं निभावेल अशी आशा ठेवू नये.

आणि स्टॅबिलायझेशन फक्त कॅमेऱ्याची हालचाल भरून काढतं, पक्ष्याची नाही. फांदीवर ‘स्थिर’ बसलेला लहान पक्षी सारखी मान झटकत असतो, त्याला १/५०० तरी हवा. उडत्या पक्ष्याला १/२००० ते १/३२००. एवढ्या वेगाला हात हलण्याचा प्रश्न जवळपास मिटतोच, मग ट्रायपॉड असो वा नसो. उडत्या पक्ष्यांचे फोटो काढणारे निर्धास्तपणे ‘ट्रायपॉड नको’ म्हणतात ते यामुळे. त्यांचं शटरच हाताची चूक झाकून टाकतं.

मग तुमचे फोटो तासाभराने सॉफ्ट का होतात? शटर तर तेच आहे, लेन्स तीच आहे. बदललेले असता तुम्ही. स्नायू दमले की थरथर वाढते, हे शरीराचं साधं गणित. त्याहून जास्त नुकसान करतात ते दमल्यावर नकळत होणारे बदल. सुरुवातीला डावा हात लेन्सच्या खाली पुढपर्यंत गेलेला असतो; दमला की तो हळूहळू मागे, बॉडीकडे सरकतो, आणि लेन्सचं सगळं वजन पुढे लोंबायला लागतं. बरगड्यांना टेकलेली कोपरं सुटतात. शटरवर बोट अलगद दाबण्याऐवजी धक्का द्यायला लागतं. पाठ मागे झुकते. आणि शेवटचं, जे कुठल्याही फोटोत दिसत नाही: तुम्ही कॅमेरा खाली ठेवून देता. पक्षी झेपावण्याच्या बेतात अंग आवळतो ती खूण दिसते, तोवर लेन्स मांडीवर असते. ती उचलून डोळ्याला लावेपर्यंत खेळ संपलेला असतो. जड लेन्सने हललेल्या फोटोंपेक्षा न काढलेले फोटो जास्त वाया जातात, हे मी फार आग्रहाने सांगेन.

लेन्स हलक्या होत चालल्या आहेत, हे खरं आहे आणि आनंदाचं आहे. कॅननची ६०० मिमी एफ/४ आयएस, म्हणजे मोठ्या छिद्राची स्टॅबिलायझेशनवाली लेन्स १९९९ मध्ये आली तेव्हा ५,३६० ग्रॅमची होती. २०१८ मधली तिची तिसरी आवृत्ती ३,०५० ग्रॅमवर आली. सोनीची ६०० एफ/४ साधारण तेवढीच. निकॉनची फेज फ्रेनेल भिंगाची (वजन वाचवणाऱ्या खास भिंगाची) ५०० मिमी एफ/५.६ तर दीड किलोच्याही आत आहे. नुसतं वजन घटलं असंही नाही. पुढची जड काच कमी करून भिंगं मागे, बॉडीच्या जवळ आणल्यामुळे तोलही सुधारला, आणि हाताला वजनापेक्षा तोल जास्त जाणवतो. पुढे झुकणारी अडीच किलोची लेन्स नीट तोललेल्या तीन किलोच्या लेन्सपेक्षा लवकर दमवते. विकत घेण्याआधी लेन्स आपल्याच बॉडीवर लावून, पूर्ण झूम बाहेर काढून, दोन-तीन मिनिटं डोळ्याला लावून बघा. बाहेर लांबणारी झूम ६०० मिमीवर गेली की तिचा तोल पुढे सरकतो, तो फरक दुकानात उभ्या-उभ्या कळतो.

ट्रायपॉडच्या वाटेला जाण्यापूर्वी एक तपासून घ्या: फोटो हातानेच बिघडला आहे ना? सॉफ्ट दिसणारा प्रत्येक फोटो हललेला नसतो, आणि कारण वेगळं असेल तर ट्रायपॉड घेऊनही पदरी निराशाच. फोटो १०० टक्के मोठा करा आणि चार गोष्टी शोधा. पानावरचे चमकते ठिपके, पाण्यावरची तिरीप, गवताची टोकं अशी सगळी एकाच दिशेला ओढल्यासारखी दिसत असतील, तर कॅमेरा हलला. पक्षी सॉफ्ट पण त्याच्या मागची किंवा पुढची डहाळी खणखणीत शार्प असेल, तर फोकस चुकला. फांदी शार्प, डोळाही शार्प, फक्त पंख किंवा मान पुसट असेल, तर विषय हलला आणि शटर कमी पडलं. चौथं कारण सगळ्यात फसवं: सगळंच थोडं-थोडं सॉफ्ट, पण ओढल्याची दिशा नाही, आणि एकाच बर्स्टमधल्या (एका दमात घेतलेल्या) लागोपाठच्या फ्रेम एकमेकींपेक्षा वेगळ्या सॉफ्ट. ही तापलेल्या हवेची करामत. जमीन तापली की तिच्यावरची हवा थरथरते आणि लांबच्या विषयाचा तपशील खाऊन टाकते. उघडं माळरान, डांबरी रस्ता, वाळू, यांच्यावरून दूरचा विषय टिपताना दुपारी हे हमखास होतं. पाण्यावरून टिपतानाही होतं, अगदी थंडीत, पाणी आणि हवा यांच्या तापमानात फरक असला की. उन्हात उभ्या गाडीच्या खिडकीतून काढतानाही आतबाहेरच्या हवेमुळे होतं. त्याला ना ट्रायपॉड उपयोगी, ना महागडी लेन्स. जवळ जा, नाहीतर सकाळी लवकर या.

तुमचं वर्णन, म्हणजे सुरुवातीला शार्प आणि तासाभराने सॉफ्ट, हे थकव्याशी जुळतं. पण सकाळी सुरुवात करून ऊन चढेपर्यंत थांबत असाल तर हवेशीही जुळतं. दोन्ही एकाच वेळी घडत असतात, म्हणून गल्लत होते. वरची तपासणी करा, अंदाजावर पैसे घालू नका.

हाताची स्वतःची मर्यादा मोजायचीही एक सोपी रीत आहे. पुस्तकांचं कपाट किंवा बारीक अक्षरांचा कागद घ्या, लेन्सच्या जवळच्या फोकस मर्यादेपेक्षा चांगलं लांब ठेवा. स्टॅबिलायझेशन चालू, आयएसओ ऑटो. १/१००० वर दहा फोटो, मग १/५००, १/२५०, १/१२५, १/६० वर दहा-दहा. प्रत्येक फोटोला कॅमेरा खाली घेऊन पुन्हा उचलायचा, बर्स्ट नाही. किती शार्प आले ते मोजा. आता खरी परीक्षा: लेन्स डोळ्याला लावून तीन मिनिटं तशीच धरून ठेवा आणि खाली न ठेवता सगळं पुन्हा काढा. पहिल्या आणि दुसऱ्या यादीतला फरक हीच तुमची ट्रायपॉडची गरज. बहुतेकांना पहिली यादी बघून अभिमान वाटतो आणि दुसरी बघून डोळे उघडतात. पहिल्या यादीत १/२५० वर दहातले आठ शार्प आणि दुसरीत तीन, असं आलं तर लांब थांबण्याच्या वेळी आधाराशिवाय १/२५० वापरायचा नाही, हे कोणी सांगायची गरज उरत नाही.

हातात धरायची लेन्स नीट धरली तर एक-दोन स्टॉप फुकट मिळतात. ट्रायपॉड कॉलर (लेन्सभोवतीचं कडं) सैल करून लेन्सचा फूट (ट्रायपॉडला बसणारा पाया) वर फिरवा, म्हणजे तो तळव्यात रुतत नाही आणि उचलून नेताना मूठ म्हणून कामी येतो. डावा तळवा लेन्सच्या खाली, जिथे लेन्स आणि बॉडी मिळून तोल साधतो त्या जागेच्या किंचित पुढे. बोटांनी पकडायचं नाही, तळव्यावर ठेवायचं. दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकलेली. डावा पाय थोडा पुढे. भुवई आयकपला (व्ह्यूफाइंडरच्या रबरी कडेला) घट्ट टेकलेली, कारण कपाळ हा तिसरा आधार आहे; मागच्या स्क्रीनवर बघून, हात लांब करून जड लेन्स वापरणाऱ्याला कुठलंही तंत्र वाचवू शकत नाही. श्वास अर्धा सोडून थांबायचं. बटण दाबताना तीन-चार फ्रेमचा छोटा बर्स्ट घ्यायचा, कारण पहिल्या फ्रेममध्ये बोटाचा दाब येतो आणि मधली फ्रेम बहुधा सगळ्यात शार्प निघते. शक्य असेल तिथे बसा, कोपरं गुडघ्यांवर टेका. जमिनीवर पालथं झोपलात तर पक्ष्याच्या डोळ्याची पातळी मिळते आणि कोपरं जमिनीला टेकल्याने आधार फुकटचा.

हात आणि ट्रायपॉड यांच्या मधल्या साधनांकडे लोक फार दुर्लक्ष करतात. गाडीतून फोटो काढत असाल तर बीनबॅगसारखं (दाणे भरलेल्या पिशवीसारखं) साधन नाही. खिडकीच्या काठावर ठेवा, लेन्स त्यात रुतू द्या, इंजिन बंद करा. इंजिन चालू असेल तर सगळ्या गाडीचं कंपन लेन्समध्ये येतं, आणि सोबतचे लोक हलले तरी येतं, म्हणून फोटो घेताना सगळ्यांना स्तब्ध बसायची विनंती करावी. चालत फिरत असाल तर मोनोपॉड, म्हणजे एकाच पायाचा स्टँड. तो साधारण दीड-दोन स्टॉपचा स्थिरपणा देतो, पण त्याचं खरं काम वजन पेलणं हे आहे. लेन्स तासभर डोळ्यासमोर तयार राहते आणि हात फक्त दिशा देतात. मोनोपॉडवर बॉल हेड (सगळ्या दिशांना वळणारं गोळ्याचं हेड) लावू नका, कारण मोनोपॉडला आधीच सगळीकडे झुकता येतं आणि बॉल हेडने लेन्स हाताबाहेर जाते. फक्त पुढे-मागे झुकणारं टिल्ट हेड लावा. उभं राहताना मोनोपॉड सरळ खाली न ठेवता पाय किंचित पुढे रोवून, स्वतःचे दोन पाय मागे पसरून त्यावर थोडं रेला, म्हणजे तुमच्यासकट तीन पाय होतात. कितीतरी पक्षी-छायाचित्रकारांचं सगळं काम यावरच चालतं आणि मला स्वतःला पायी फिरताना याहून चांगली तडजोड सापडलेली नाही.

आता ट्रायपॉड. ‘ट्रायपॉड लावला की पक्षी निसटतो’ ही तक्रार मी फार वेळा ऐकली आहे, आणि विचारल्यावर दर वेळी बॉल हेड निघतं. जड लेन्स आणि बॉल हेड ही जोडी धोक्याची आहे. नॉब सैल केला की लेन्स एका बाजूला कोसळते, हात धरून असला तर बोट चिरडतं, नसला तर सगळा ट्रायपॉड आडवा होतो. त्या भीतीने माणूस नॉब घट्ट ठेवतो आणि मग पक्ष्याच्या मागे लेन्स फिरत नाही. दोन किलोंच्या वरच्या लेन्सला गिंबल हेडच हवं. त्यात लेन्स पाळण्यासारखी टांगलेली असते. तोल साधला की दोन्ही नॉब पूर्ण मोकळे ठेवूनही ती जिथे सोडाल तिथे थांबते आणि एका बोटाने फिरते.

पण हा तोल साधावा लागतो, आणि बहुतेक जण तो अर्धवटच साधतात. लेन्सच्या फूटला लांब आर्का-स्विस पद्धतीची (हेडच्या क्लॅम्पमध्ये सरकणारी) प्लेट लावा. आडवं फिरणं घट्ट करा, वर-खाली झुकणं सैल करा, हात जवळच ठेवा. लेन्स आडवी धरून हळूच सोडा. पुढचं टोक खाली गेलं तर प्लेट मागे सरकवा, बॉडी खाली गेली तर पुढे. झूम लेन्स असेल तर हे ज्या फोकल लेंग्थवर जास्त काम करता तिथेच करा, कारण लेन्स बाहेर आली की तोल बदलतो. हुड आधी लावून घ्या. इथवर सगळे येतात. पुढची पायरी सुटते: आता लेन्स ४५ अंश खाली झुकवून सोडा. ती तिथेच थांबली तर उत्तम. आणखी खाली पडत गेली तर वजनाचा मध्य हेडच्या अक्षाच्या वर आहे, तेव्हा लेन्स जिच्यावर बसते ती पट्टी थोडी खाली घ्या. उलट ती आपोआप आडवी व्हायला निघाली तर मध्य अक्षाच्या खाली आहे, पट्टी वर घ्या. काही गिंबलमध्ये ही उंचीची सोय नसते. घेताना बघून घ्या. हे एकदा जमलं की प्लेटवर पेन्सिलने खूण करून ठेवा. दुसऱ्या दिवशी अंधारात लेन्स लावताना ती खूण फार कामाची ठरते. आणि ट्रायपॉडचा वरचा भाग पाणसळात असला पाहिजे, नाहीतर पक्ष्याच्या मागे आडवं फिरवताना क्षितिज तिरकं होत जातं. खडबडीत जमिनीवर पाय कमी-जास्त करत बसण्यापेक्षा लेव्हलिंग बेस (वरचा भाग समतल करणारा जोड) लावलेला बरा.

एक गोष्ट कृपा करून कधीच विसरू नका: क्लॅम्प आवळल्यावर सोडण्याआधी लेन्स वर उचलून ओढून बघा. प्लेट क्लॅम्पच्या खाचेत एका बाजूनेच बसलेली असली तरी वरून घट्ट वाटते. प्लेटच्या दोन्ही टोकांना अडवणारे छोटे सेफ्टी स्क्रू असतात, ते ‘मधे येतात’ म्हणून काढून टाकू नका.

ट्रायपॉड निवडताना डब्यावर लिहिलेल्या ‘इतके किलो पेलतो’ या आकड्याला फार भाव देऊ नका. तो ट्रायपॉड मोडणार नाही एवढंच सांगतो, कंपन किती लवकर शमतं हे नाही. लेन्स लावून, लाइव्ह व्ह्यूत (मागच्या स्क्रीनवर) चित्र पूर्ण मोठं करून, लेन्सच्या टोकाला बोटाने हलकी टिचकी मारा आणि चित्र थांबायला किती वेळ लागतो ते बघा. एक सेकंदाच्या आत थांबलं तर चांगलं. तीन-चार सेकंद लहरत राहिलं तर तो ट्रायपॉड या लेन्ससाठी नाही. वरची नळी जितकी जाड तितकं बरं. मधला खांब नसेल तर उत्तम, असेल तर तो वर काढू नका, कारण तो काढला की तीन पायांवर एक मोनोपॉड उभा राहतो. पाय उघडताना वरची जाड नळी आधी, सगळ्यात बारीक शेवटी. एक पाय लेन्सच्या दिशेला. वारा असेल तर बॅग खाली टांगा, पण झुलू देऊ नका, तिचा बूड जमिनीला टेकलेला असावा. आणि हुड वाऱ्यात शिडासारखा फुगतो. प्रकाश समोरून येत नसेल तर तो काढून ठेवता येतो.

ट्रायपॉडवर लावली म्हणून लेन्स आपोआप स्थिर होत नाही, हेही सांगायला हवं. साधारण १/३० आणि त्याहून वेगवान शटरला डावा हात लेन्सवर, कॉलरच्या वर दाबून ठेवा आणि डोळा आयकपला टेकवा. तुमचं शरीर कंपन शोषून घेतं. त्याहून संथ शटरला उलट करा: हात काढून घ्या, रिमोट किंवा दोन सेकंदांचा टायमर वापरा. डीएसएलआर असेल तर आरसा वर उचलण्याचा धक्का १/३० ते एक सेकंद या पट्ट्यात सगळ्यात जास्त जाणवतो, तेव्हा मिरर लॉक-अप (आरसा आधीच वर उचलून ठेवण्याची सोय) लावा. मिररलेसवर (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर) इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन, म्हणजे पहिला पडदा न हलवता सुरू होणारं शटर, ठेवा. पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटर धक्का अजिबात देत नाही, पण सेन्सर हळू वाचला जात असेल तर उडत्या पक्ष्याचे पंख वाकडे येतात. स्टॅबिलायझेशनचं म्हणाल तर जुन्या लेन्स घट्ट आवळलेल्या ट्रायपॉडवर स्वतःच थरथर निर्माण करतात, तिथे ते बंद करा. बऱ्याच नव्या लेन्स ट्रायपॉड ओळखतात. मोकळ्या गिंबलवर आणि मोनोपॉडवर ते चालूच ठेवावं.

ज्या कामांत ट्रायपॉडला पर्याय नाही ती थोडक्यात. निसर्गदृश्यं, वाहतं पाणी, फिल्टर लावून केलेली लांब एक्स्पोजर, ताऱ्यांचे फोटो. २४ मिमी लेन्सने ताऱ्यांसाठी वीस-एक सेकंद शटर उघडं ठेवायचं असेल तर हाताचा विषयच संपतो. व्हिडिओला फ्लुइड हेड, म्हणजे झटके न देता वळणारं हेड. मॅक्रोमध्ये (बारीक वस्तूंच्या अगदी जवळून काढलेल्या फोटोंत) मात्र कारण वेगळं आहे. १:१ वर (वस्तू सेन्सरवर आहे तेवढ्याच आकाराची), एफ/८ ला, फुल फ्रेमवर फोकसमध्ये जेमतेम एक मिलिमीटर जागा मिळते. हातात धरलेला कॅमेरा पुढे-मागे त्याहून जास्त डुलतो, आणि ही पुढे-मागेची डुलण स्टॅबिलायझेशन भरून काढत नाही. फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसचे फोटो एकत्र जोडणं) करायचं तर ट्रायपॉड लावा. एकच फोटो हवा आणि फ्लॅश असेल तर हातात धरूनही चालतं, कारण फ्लॅशचा झगमगाट इतका क्षणिक असतो की हालचाल गोठते.

संध्याकाळी उतरत्या उजेडात तर ट्रायपॉडचं मोल आकड्यांत दिसतं. झाडाच्या ढोलीतलं घुबड १/२००० आणि आयएसओ ६४०० ला निघत असेल, तर तेच ट्रायपॉडवर १/१२५ आणि आयएसओ ४०० ला निघतं. चार स्टॉपचा फरक. पिसांचा पोत आणि सावलीतले रंग त्या चार स्टॉपमध्ये दडलेले असतात. फक्त घुबडाने मान फिरवू नये, म्हणून एकाऐवजी बरेच फोटो घ्यायचे.

उलट काही ठिकाणी ट्रायपॉड नुकसान करतो. माणसं चालत असलेल्या लाकडी पुलावर किंवा मचाणावर पायाखालच्या फळ्यांचं कंपन सरळ लेन्समध्ये जातं. तिथे गुडघ्यांतून ते शोषून घेणारं तुमचं शरीर आणि स्टॅबिलायझेशन जास्त चांगलं काम करतं. दाट झाडीत, जिथे दर दोन पावलांनी कोन बदलायचा असतो, तिथेही हातच बरा. ट्रायपॉड एकदा रोवला की माणूस त्या उंचीला आणि त्या जागेला चिकटतो, आणि दोन पावलं डावीकडे सरकल्यावर मिळणारी स्वच्छ पार्श्वभूमी त्याला दिसेनाशी होते. उडत्या पक्ष्यांच्या थव्यात, डोक्यावरून जाणाऱ्या घारीवर, हातातली लेन्स जितक्या चपळाईने वळते तितकी गिंबलवरची वळत नाही.

तेव्हा तुमच्यापुरतं सांगायचं तर ट्रायपॉड विकू नका, पण पुढची खरेदी तिथे करू नका. आधी मोनोपॉड आणि टिल्ट हेड घ्या आणि एक पूर्ण मोसम त्यावर काढा. चालताना हातात, थांबलात की मोनोपॉडवर. उडता पक्षी आला तर क्लॅम्प सोडा आणि लेन्स हातात घ्या. हे दोन सेकंदांत जमेपर्यंत घरी सराव करा. एकाच जागी दबा धरून बसायची सवय जडली, पाणवठ्यावर किंवा घरट्यापासून योग्य अंतर राखून, तर मग गिंबल घ्या आणि आहे त्या ट्रायपॉडची टिचकीची परीक्षा घ्या. पास झाला तर नवा घ्यायची गरज नाही. पट्टा बॉडीच्या कड्यांत असेल तर काढून लेन्सच्या कॉलरला लावा, नाहीतर सगळं वजन माउंटवर (लेन्स-बॉडीच्या जोडावर) लोंबतं. आणि थांबून राहिलेल्या वेळात दर थोड्या वेळाने लेन्सवरून एकेक हात काढून खांदे मोकळे करत जा. तिचं वजन मोनोपॉड पेलत असतो, पक्षी आला तर डोळा लावायला एक क्षण पुरतो.